मोडू नये अशी पुंजी

देवासमध्ये नोटा छापल्या जातात. नाशिकप्रमाणेच इथेही सरकारी छापखाना आहे. १९७४ पासून चालणारा हा बँक नोट प्रेस आणि त्याच्या आवारातला शाईचा कारखाना ही माळव्यातल्या या शहराची एक ओळख आहे. पण नोटा छापणाऱ्या गावातही घरांत पैसा इतर गावांसारखाच येतो: पगारातून, सोयाबीनच्या पट्टीतून, दुकानाच्या गल्ल्यातून. महिना संपत आला की तो तसाच संपतोही. त्यातून चार पैसे बाजूला काढून त्यांची पुंजी कशी करायची, हा प्रश्न देवासच्या कामगारापुढे आहे, जवळच्या धार जिल्ह्यातल्या भिल्ल शेतमजुरापुढे आहे आणि पुण्या-नागपूरच्या कारकुनापुढेही आहे.

या प्रश्नाला साधारणपणे एकच उत्तर मिळतं: जास्त कमवा, जास्त साठवा. मला ते अपुरं वाटतं. रक्कम लहान आहे म्हणून बचत फसते, असं फार कमी वेळा घडतं. बहुतेक वेळा ती मध्येच मोडली जाते म्हणून फसते. कधी दवाखान्यासाठी, कधी लग्नासाठी, कधी जुन्या कर्जाच्या व्याजासाठी. त्यामुळे छोट्या बचतीचं खरं शास्त्र म्हणजे पुंजी मोडू न देण्याचं शास्त्र. धार आणि देवास या दोन जुन्या मराठी संस्थानांच्या मुलखात त्याचे बोलके दाखले सापडतात, आणि त्यांतला पहिला थेट राजवाड्यातला आहे.

थोरल्या पातीचं कर्ज

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी फौजांबरोबर पवार माळव्यात आले. धार एका शाखेकडे गेलं. देवास तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांकडे आलं आणि पुढे त्याच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. एका गावात दोन राजे, दोन दरबार आणि दोन खजिने.

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांचा जन्म १८८८ सालचा. ते बुद्धिमान आणि भाविक होते, आणि कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे जावई होते. १९२१ मध्ये प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर काही महिने त्यांचे खासगी सचिव म्हणून देवासला राहिले. त्या दिवसांवरचं त्यांचं ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ मध्ये आलं. राजाविषयीची माया त्यात पानोपानी दिसते, पण तितकंच स्पष्ट दिसतं ते तिथल्या खर्चाचं चित्र. नवा राजवाडा वर्षानुवर्षं बांधला जात होता आणि आधी बांधलेला भाग काम पुरं होण्याआधीच ढासळू लागला होता. हौसेने आणलेलं महागडं सामान वापराविना पडून होतं. गोकुळाष्टमीचा उत्सव कित्येक दिवस थाटात चालत होता.

या खर्चाला उत्पन्न पुरलं नाही, म्हणून कर्ज आलं आणि ते फिटलं नाही. १९३३ च्या अखेरीस संस्थानाची आर्थिक घडी पुरती विस्कटलेली असताना तुकोजीराव देवास सोडून फ्रेंच अंमलातल्या पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. गादी, जमीन, महसूल आणि मान, सगळं हाती असलेला माणूस देण्यांमुळे स्वतःच्या गावात राहू शकला नाही.

या कथेला एक धागा आणखी आहे. तरुण तुकोजीरावांचे शिक्षक आणि पालक म्हणून सरकारने माल्कम डार्लिंग या सनदी अधिकाऱ्याला नेमलं होतं. दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली. हेच डार्लिंग पुढे पंजाबात सहकार खात्यात रमले आणि १९२५ मध्ये त्यांनी पंजाबी शेतकऱ्याची समृद्धी आणि कर्ज या विषयावर एक ग्रंथ लिहिला. ग्रामीण कर्जाचा अभ्यास करणारे तो आजही वाचतात. दुष्काळ, जमिनीचे तुकडे आणि लग्नाचे खर्च ही कर्जाची नेहमीची कारणं त्यात आहेतच. पण त्यांचं महत्त्वाचं निरीक्षण वेगळं होतं. जिथे कालवे आले, पिकं वाढली आणि जमिनीचे भाव चढले, तिथे कर्ज घटलं नाही, उलट वाढलं. जमिनीचा भाव वाढला की माणसाची पत वाढते, पत वाढली की सावकार अधिक द्यायला तयार होतो, आणि देणारा असला की घेण्याचा मोह आवरत नाही.

आज जमिनीच्या सातबाऱ्याची जागा पगाराच्या पावतीने घेतली आहे. देवासच्या कारखान्यात किंवा धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत कायम झालेल्या तरुणाला पहिल्याच वर्षी मोटारसायकलचं कर्ज, मोबाइलचा हप्ता आणि क्रेडिट कार्ड देऊ केलं जातं. उत्पन्न वाढलेलं असतं, पण पुंजी उभी राहण्याआधीच पुढच्या तीन वर्षांचा पगार वाटून गेलेला असतो.

महिना शेकडा तीन

शाळेत आपण व्याजाची गणितं द.सा.द.शे. या दराने सोडवली. दर साल, दर शेकडा. सावकार आणि गल्लीतला उसनवारीचा बाजार मात्र महिन्याचा दर सांगतो. ‘फक्त शेकडा तीन’ म्हणजे महिन्याला शंभरामागे तीन रुपये, वर्षाला ३६. दहा हजार रुपये अशा दराने घेतले आणि व्याज न भरता ते मुदलात चढत गेलं, तर दोन वर्षांत देणं २०,३२८ रुपये होतं. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलत गेलं की दर साधारण याच घरात जातो, फक्त तो बारीक अक्षरात छापलेला असतो.

हा धोका आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. हिंदू विधीत दामदुपटीचा नियम होता: धनकोला एका वेळी मुदलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही. ब्रिटिश काळातही मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हा नियम मानला. कर्जाला कुठेतरी लगाम हवा, ही जाण त्यामागे होती.

यातून बचतीचा पहिला नियम निघतो. ज्याच्या डोक्यावर महिना शेकडा तीनचं देणं आहे, त्याच्यासाठी ते फेडणं हीच सर्वांत चांगली गुंतवणूक आहे. छत्तीस टक्के खात्रीचा परतावा कोणतीही बँक किंवा कोणताही फंड देत नाही.

दुसरा नियमही इथूनच निघतो. पोस्टाच्या बचत खात्यात दहा हजार रुपये वर्षभर ठेवले तर चार टक्क्यांनी चारशे रुपये व्याज मिळतं. कुणी म्हणेल, चारशे रुपयांनी काय होतं? पण घरात कुणी आजारी पडलं आणि हेच दहा हजार सावकाराकडून आणावे लागले, तर वर्षाचे ३,६०० रुपये जातात. हाताशी असलेल्या पहिल्या छोट्या रकमेचं खरं मोल या न भरलेल्या व्याजात आहे. म्हणून श्रीमंत होण्याच्या योजनांआधी, दोन-तीन महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी रक्कम सहज काढता येईल अशा खात्यात असावी. पुढची सगळी बचत न मोडता टिकते ती या रकमेच्या आधारावर.

पोस्टातलं पासबुक

भारतात टपाल कार्यालयांतून बचत बँक सुरू झाली १ एप्रिल १८८२ रोजी. त्याआधी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांत सरकारी बचत बँका होत्या, पण खेड्यातल्या माणसाला त्यांचा उपयोग नव्हता. पोस्टमन जिथवर पोहोचतो तिथवर बचत खातं पोहोचवणं, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. आजही माळव्यातल्या कित्येक गावांत बँकेची शाखा नसते, पण शाखा डाकघर असतं.

त्यातली सर्वांत साधी योजना म्हणजे आवर्ती ठेव, म्हणजे आपली आर.डी. महिन्याला किमान शंभर रुपये आणि त्यापुढे दहाच्या पटीत, पाच वर्षांसाठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा दर ६.७ टक्के झाला. व्याज दर तिमाहीला मुदलात मिसळतं. या दराने महिन्याला हजार रुपये भरले, तर पाच वर्षांत आपले ६०,००० जातात आणि हाती साधारण ७१,३६६ येतात. हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड बसतो. हा दंड छोटा असला तरी कामाचा आहे, कारण पाच तारीख असो की पंधरा, ‘या महिन्यात राहू दे’ म्हणण्याआधी माणूस थबकतो. आणि अगदीच नड आली तर बारा हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. गरज भागते आणि खातंही मोडत नाही.

दीर्घ पल्ल्याची योजना म्हणजे १९६८ मध्ये सुरू झालेला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, सर्वांच्या तोंडी असलेला पीपीएफ. वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, मुदत पंधरा वर्षांची, आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. एप्रिल २०२० मध्ये त्याचा दर ७.१ टक्के ठरला. सरकार दर तिमाहीला दराचा आढावा घेतं, त्यामुळे पुढचं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण हाच दर धरून एक गणित सावकाश पाहण्यासारखं आहे.

समजा, एखाद्याने दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पाच तारखेच्या आत, १२,००० रुपये भरले. म्हणजे महिन्याला हजार. पंधरा वर्षांत त्याने १,८०,००० भरले आणि खात्यात सुमारे ३,२५,००० झाले. व्याज झालं सुमारे १,४५,०००. आता त्याने खातं बंद न करता आणखी दहा वर्षं तेवढेच पैसे भरत राहायचं ठरवलं. पंचवीस वर्षांनी त्याने भरलेले असतील तीन लाख, आणि खात्यात असतील सुमारे ८,२४,०००. पहिल्या पंधरा वर्षांत दीड लाखाच्या आत असलेलं व्याज पुढच्या केवळ दहा वर्षांत सुमारे ३,८०,००० ने वाढलं. हप्ता तोच, दर तोच. फरक पडला तो जुनं व्याज जागेवर राहिल्यामुळे, कारण आता त्या व्याजालाही व्याज लागत होतं.

चक्रवाढीचा मोठा भाग शेवटच्या वर्षांत येतो आणि आपण खातं मोडतो ते बहुधा मधल्या वर्षांत. सातव्या-आठव्या वर्षी माणसाला वाटतं, इतकी वर्षं भरूनही फारसं काही जमलं नाही. गणिताच्या दृष्टीने त्याचं म्हणणं खरं असतं, पण फळ पुढे असतं. नोकरी बदलताना भविष्य निर्वाह निधी काढून घेणारे कामगार याच ठिकाणी चुकतात. तीस-चाळीस हजारांची रक्कम क्षुल्लक वाटते आणि नव्या टीव्हीत जाते, पण त्याबरोबर सात-आठ वर्षांचा काळही खर्च होतो, आणि तो पुन्हा भरून निघत नाही.

पाच तारखेचा उल्लेख वर आला तो उगाच नाही. पीपीएफचं व्याज प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मोजलं जातं. सहा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: खातेदाराच्या कर्जापोटी न्यायालयाच्या आदेशानेही पीपीएफ जप्त होत नाही. म्हातारपणाची पुंजी धनकोच्या हातीही लागू नये, असा विचार कायद्यानेच केलेला आहे.

हप्ता न्यायला कुणी तरी यावं लागतं

बचत चांगली हे सर्वांना कळतं, मग जमत का नाही? स्टुअर्ट रदरफोर्ड या अभ्यासकाने गरिबांच्या पैशाच्या व्यवहारावर लिहिताना विजयवाड्याच्या झोपडपट्टीतलं एक उदाहरण दिलं आहे. तिथे एक बाई घरोघर जाऊन बचत गोळा करायची. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती २२० चौकोनांचं एक कार्ड देई. दर वेळी पाच रुपये घ्यायचे आणि एका चौकोनावर खूण करायची. सगळे चौकोन भरले की ११०० रुपये होत. त्यातले १०० स्वतःचा मेहनताना म्हणून ठेवून ती १००० परत करायची. म्हणजे गिऱ्हाईक व्याज घेत नव्हतं, उलट बचत करण्यासाठी पैसे मोजत होतं. तरी बायका तिच्याकडे आनंदाने पैसे देत, कारण घरात ठेवलेले पाच रुपये संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

हे गणित आपल्याकडच्या पिग्मीवाल्याला केव्हाच कळलं होतं. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये रोज दोन आणे दारात येऊन गोळा करायची पिग्मी योजना सुरू केली आणि ती पुढे महाराष्ट्राच्या पतसंस्थांत घरोघरी पोहोचली. पोस्टानेही १९७२ पासून महिला प्रधान एजंट नेमले. ओळखीतली एखादी ताई दर महिन्याला येते, आर.डी.चा हप्ता नेते आणि कार्डावर नोंद करून देते. मोबाइलवरून खात्यात पैसे टाकणं आज सोपं आहे, पण ते काढणंही तितकंच सोपं झालं आहे. म्हणून पगाराच्या दुसऱ्याच दिवशी हप्ता आपोआप वळता होईल अशी बँकेला दिलेली कायमची सूचना हे आजचं पिग्मीचं रूप आहे. आधी बचत वळती व्हावी आणि उरलेल्यात घर चालावं. हा क्रम उलटला की महिनाअखेरीला काही उरत नाही.

भिशी हा याच गरजेतून आलेला आणखी एक प्रकार. माळव्यात तिला बीसी म्हणतात. वीस बायका महिन्याला पाचशे रुपये काढतात, दहा हजार जमतात, चिठ्ठी निघेल तिला मिळतात. वीस महिन्यांत प्रत्येकीची पाळी येते. व्याज नसतं, पण सरासरी बाईला एकरकमी पैसे एकटीने साठवण्यापेक्षा बरेच आधी मिळतात, आणि मैत्रिणींच्या भिडेने हप्ता चुकत नाही. शिलाई मशीन, फ्रिज, मुलाची फी यांसाठी भिशी उत्तम आहे. पण तिला दोन मर्यादा आहेत. शेवटी चिठ्ठी निघणारीचे पैसे वीस महिने बिनव्याजी पडून राहतात. आणि लवकर पैसे घेतलेलं कुणी पुढे भरेनासं झालं तर सगळ्यांचंच गणित बिघडतं. म्हणून भिशी ओळखीच्यांतच असावी, लहान असावी, आणि तिच्यावर म्हातारपण विसंबून ठेवू नये.

चांदी, गट आणि मंडळी

धार जिल्ह्याच्या भिल्ल, भिलाला वस्त्यांत बचत बहुधा पासबुकात नसते, अंगावर असते. पीक हाती आलं की सराफाकडून चांदी घ्यायची. हांसली, कडी, कमरेचा कंदोरा. पेरणीच्या दिवसांत बी-बियाण्यासाठी तीच चांदी गहाण पडते किंवा मोडली जाते. घेताना मजुरी जाते, विकताना घट कापली जाते, गहाण ठेवली तर महिन्याचं व्याज लागतं. चांदीचा भाव चढला तरी त्याचा लाभ असा गळत जातो. या कुटुंबांना बचत कळत नाही, असं म्हणणं अन्याय होईल. त्यांची शिस्त दांडगी आहे. त्यांच्याजवळ कमतरता होती ती पेरणीच्या वेळी रास्त दराने मिळणाऱ्या छोट्या कर्जाची.

ही उणीव एकमेकांच्या बचतीतून भरून काढायची युक्ती मराठी माणसांनी फार लवकर शोधली होती. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८९ मध्ये ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन केली. भारतातली ती पहिली सहकारी पतसंस्था मानली जाते, आणि सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला तो त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ मध्ये. परमुलखात नोकरीधंद्यासाठी गेलेल्या मराठी गृहस्थांनी एकमेकांच्या विश्वासावर पैसा उभा करायचा, ही रीत पुढे अनेक शहरांत रुजली.

त्याच विचाराचं आजचं खेड्यातलं रूप म्हणजे महिलांचा बचत गट. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गटांचा प्रयोग करून गटांना बँकेशी जोडलं. दहा ते वीस बायका ठरलेल्या दिवशी बसतात, प्रत्येकीची बचत सर्वांसमोर मोजली जाते, वहीत नोंद होते, आणि जमलेल्या पैशांतून आपसांत कर्ज दिलं जातं. काही महिने हिशेब चोख राहिला की बँक गटाच्या बचतीच्या पटीत कर्ज देते. तारण असतं ते फक्त गटाच्या शब्दाचं. देवास जिल्ह्याच्या बागली तालुक्यात १९९० पासून काम करणाऱ्या ‘समाज प्रगती सहयोग’ या संस्थेने आधी पाणलोटाची कामं केली आणि पुढे आदिवासी बायकांचे असे गट आणि गटांचे संघ उभे केले. गटाच्या कर्जाचं व्याज गटाच्याच पेटीत परत येतं. सावकाराकडे जाणारा पैसा गावातच राहणं, हीही पुंजी न मोडण्याचीच एक रीत आहे.

शेततळ्यात घातलेला पैसा

साठवलेल्या पैशाचं शेवटी काय करायचं, याचंही उत्तर देवासकडे आहे. कूपनलिकांनी भूजल इतकं उपसलं गेलं की १९९० मध्ये या शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं. शेतकरी एकामागून एक बोअर खणत होते, ते कोरडे जात होते, आणि प्रत्येक कोरड्या बोअरमागे कर्ज वाढत होतं. २००६ मध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांपुढे वेगळा हिशेब मांडला: जमिनीचा साधारण दहावा भाग तळ्याला द्या आणि पावसाचं पाणी तिथेच अडवा. आधी ऐपतदार शेतकऱ्यांना पटवलं गेलं आणि त्यांनी बहुतांशी स्वतःच्या खर्चाने तळी खणली. या तळ्यांना नाव मिळालं रेवासागर, आणि ती खणणाऱ्यांना भगीरथ कृषक. पुढे राज्य सरकारने बलराम तालाब योजना आणली, आणि जिल्ह्यात हजारो तळी झाली.

दहावा भाग पाण्याखाली गेला, पण उरलेल्या नऊ भागांत रब्बीचं पीक उभं राहिलं. कोरड्या बोअरमध्ये घातलेला पैसा परत येत नाही, तळ्यात घातलेला पैसा दर हंगामाला काही ना काही परत करतो. बचतीतून काय घ्यावं, याची कसोटी ही आहे. शिलाई मशीन, दुभती म्हैस, मुलीचं नर्सिंगचं शिक्षण, दुकानाचं भांडवल यांतून पुन्हा उत्पन्न येतं. ऐपतीबाहेरच्या लग्नातून आणि दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या फोनमधून येत नाही. आनंदासाठी खर्च जरूर करावा, पण तो महिन्याच्या उत्पन्नातून, पुंजी मोडून नव्हे.

बुडू नये, झिजू नये

दोन धोके अजून सांगायला हवेत. पहिला बुडण्याचा. १९६० मध्ये केरळची पालै सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून ठेव विमा आला, जानेवारी १९६२ पासून. सुरुवातीला संरक्षण होतं १५०० रुपयांचं; फेब्रुवारी २०२० मध्ये ते पाच लाख झालं. हे संरक्षण बँकेमागे, प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून आहे. सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पण पतसंस्थेला नाही. दोन्हींच्या पाट्या सारख्या दिसतात, म्हणून ठेव ठेवण्याआधी हे विचारून घ्यावं. पोस्टातल्या पैशाला केंद्र सरकारची हमी असते. आणि जो कुणी दोन-तीन वर्षांत दामदुप्पट देतो म्हणेल, त्याला एकच हिशेब विचारावा: साडेसात टक्क्यांच्या दराने किसान विकास पत्र दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात. मग याचे पैसे इतके लवकर दुप्पट होतात कुठून?

दुसरा धोका झिजण्याचा. महागाई वर्षाला सहा टक्के राहिली तर शंभर रुपयांची खरेदीची ताकद बारा वर्षांत निम्मी होते. डब्यात, उशीखाली ठेवलेली रोकड अशी न हलता झिजते. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा धान्याच्या डब्यांतून बाहेर आलेले बायकांचे पैसे सर्वांनी पाहिले. त्या पैशांमागे कित्येक वर्षांची चिकाटी होती, पण त्यांना व्याज मिळालं नव्हतं. दहा-पंधरा वर्षं हात लावायचा नाही असा पैसा असेल, तर त्यातला काही भाग म्युच्युअल फंडाच्या मासिक हप्त्यात घालता येतो. तिथे महागाईच्या पुढे जाण्याची शक्यता जास्त आणि चढउतारही जास्त. आधार पक्का झाल्याशिवाय तिकडे जाऊ नये, कारण पडत्या बाजारात नड आली की नेमकी तीच गुंतवणूक तोट्यात मोडावी लागते.

म्हणून क्रम असा असावा. आधी शेकड्यावर घेतलेलं महाग कर्ज फेडणं. मग दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम हाताशी ठेवणं. मग पगाराच्या दिवशीच वळता होणारा, कधी न चुकेल एवढाच हप्ता ठरवणं. त्यानंतर दीर्घ मुदतीचं खातं उघडून ते विसरणं. आणि शेवटी, पुरेसं जमलं की त्यातून कमावणारी वस्तू किंवा शिक्षण घेणं. हप्ता ठरवताना उत्साहाच्या भरात मोठा आकडा लिहू नये. तीन महिन्यांत बंद पडलेल्या पाच हजारांपेक्षा पंधरा वर्षं चाललेले पाचशे अधिक देतात.

हे आज सांगावंसं वाटतं त्याला कारण आहे. मध्य प्रदेशात २०२३ पासून ‘लाडली बहना’ आणि महाराष्ट्रात २०२४ पासून ‘माझी लाडकी बहीण’ या योजनांमुळे लाखो बायकांच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात दर महिन्याला पैसे येऊ लागले. अनेकींच्या आयुष्यातलं ते स्वतःचं पहिलं नियमित उत्पन्न आहे. ते बहुतेक घरखर्चातच जाणार, आणि तो खर्चही मोलाचाच आहे. पण ज्या घरात शक्य असेल तिथे त्यातले पाचशे रुपये बाजूला काढावेत. वर्षाच्या सुरुवातीला सहा हजार या हिशेबाने, ७.१ टक्के दराने, पंधरा वर्षांत भरलेल्या ९०,००० चे सुमारे १,६२,००० होतात. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खातं अडीचशे रुपयांत उघडतं आणि त्याचा दर याहून जास्त आहे. योजना उद्या राहील की नाही, रक्कम किती असेल, हे सरकारच्या हाती. त्यातून बाईने स्वतःच्या नावावर उभी केलेली पुंजी मात्र तिच्या हाती राहील, आणि घरातल्यांनी ती अडीअडचणीला प्रथम मोडायची वस्तू न मानता शेवटचा आधार मानला, तर ती वाढेलही.